गिधाडाचे घरटे आणि मोगरीचा मान

हरणओहोळच्या रथाच्या दाव्याबद्दल पुराणिक वकील जे सांगत फिरतात ते खोटे आहे, असे मी म्हणणार नाही. ते वकील आहेत. ती त्यांची बाजू आहे. परंतु गेल्या दिवाळीत वकिलांच्या खोलीत, माझ्यासमोर चकली मोडत त्यांनी माझ्याविषयी सांगितले की, त्यांच्याविरुद्धचा तो दावा मी एका पक्ष्याच्या जिवावर जिंकला आणि झाडाखालचे माझे भाषण ऐकून न्यायाधीशांनी डोळे पुसले. तरुण वकिलांनी माना डोलावल्या. एका वर्तमानपत्राने तर त्याआधीच या दाव्याची पक्षिप्रेमाची कहाणी करून टाकली होती. साऱ्या गावाने गिधाडांपुढे हात जोडून दावा मागे घेतला, असे त्यात छापले होते. दोन्ही हकिकती ऐकायला गोड आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. झाडाखाली मी एक शब्दही बोललो नाही. दावा कोणीही मागे घेतला नाही. आणि ज्या प्रसंगाने हे प्रकरण खरोखर संपले, त्या वेळी पुराणिक तेथे नव्हतेच. त्यांना ऊन सोसत नाही म्हणून ते त्र्यंबकेश्वरला एका हॉटेलात पंख्याखाली बसले होते. मी तेथे होतो. म्हणून लिहितो.

माझी हयात नाशिकच्या दिवाणी न्यायालयात गेली, आणि तीतली बरीचशी करारांच्या भांडणांत. लोकांना फौजदारी वकिलाचे कौतुक असते. खून, दरोडा, उलटतपासणी! आमच्याकडे येतात ते दिलेला शब्द पाळायचा नसलेले किंवा दुसऱ्याने न पाळलेले. परंतु माणसाच्या स्वभावाचा तळ बघायचा असेल तर खुनापेक्षा करार बरा. खून माणूस रागाच्या भरात करतो. करार तो शुद्धीवर असताना मोडतो.

शब्द दिला तर पाळावा, नाहीतर भरपाई द्यावी, हा करारकायद्याचा पाया. पण त्याच कायद्यात छप्पन्न क्रमांकाचे एक कलम आहे. जे मुळातच अशक्य आहे ते करण्याचा करार रद्द, असे ते प्रथम सांगते; आणि जादूने गुप्तधन शोधून देण्याचा करार हे त्याखालचे पहिलेच उदाहरण आहे. कायदा करणाऱ्यांनाही विनोदबुद्धी होती. पुढे ते म्हणते की करार झाल्यानंतर, वचन देणाऱ्याला टाळता न येणाऱ्या घटनेमुळे ते काम अशक्य किंवा बेकायदा झाले, तर करार त्याच क्षणी संपतो. लक्षात घ्या: मोडत नाही, संपतो. मोडणारा कोणी नसतो, म्हणून दोषीही कोणी नसतो. माणसाच्या हातात सगळे नाही, हे कबूल करणारे हे कलम आहे. देवळात हे कबूल करणे सोपे असते. सरकारने ते कायद्याच्या पुस्तकात छापावे, याचे मला तरुणपणी वाटलेले नवल अजून ओसरलेले नाही.

अर्थात या कलमाचा आसरा घ्यायला जे येतात, त्यांतले बहुतेक फसवे. माल वेळेवर न पोचवलेला एक ट्रकमालक मला म्हणाला, "साहेब, नाशकात द्वारका चौकात ट्रॅफिक जाम होता. दैवी संकटच की ते!" मी म्हणालो, "द्वारकेचा ट्रॅफिक दैवी असेलही, पण तो रोजचा आहे. रोजचे संकट गृहीत धरूनच शब्द द्यायचा असतो." टोमॅटोचा भाव उलटला म्हणून करार अशक्य झाला, असे सांगणाऱ्या व्यापाऱ्याला मी जिन्यावरूनच परत पाठवले. तोटा म्हणजे अशक्यता नव्हे. कायदा कोणाच्या फायद्याचा जामीन राहत नाही. याउलट एका बँडमास्तराला मी सोडवले. लग्नाच्या सकाळी त्याच्या ओठाला गांधीलमाशी चावली होती आणि वधूपित्याने दावा लावला होता. पुराणिक तेव्हाही समोर होते. "दुसरा वाजवणारा आणायचा होता," असे ते म्हणाले. मी लग्नपत्रिका पुढे केली. तिच्यावर त्या बँडमास्तराचे नाव वधूपित्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होते. ज्याची कला मागितली त्याचाच ओठ हवा. ओठ भाड्याने मिळत नाही.

भिवा सुतार माझ्याकडे आला तो माझ्या वकिलीच्या अखेरच्या दिवसांत. त्र्यंबकेश्वरच्या पलीकडे डोंगरात हरणओहोळ हे त्याचे गाव. बसण्याआधी त्याने माझ्या टेबलावर बोटाच्या पेराने टकटक केले आणि तोंड वाकडे केले.

"टेबलाचा दावा नंतर लावू," मी म्हणालो. "तुमचे काय ते सांगा."

"माझी मोगरी घ्याया निघालेत," तो म्हणाला.

मोगरी म्हणजे काय, हे ज्याने रथ ओढलेला नाही त्याला सांगावे लागेल. हरणओहोळला चैत्रात देवाचा रथ निघतो. देवळापासून ओढ्यापर्यंत उतार आहे आणि मध्ये वेशीपाशी काटकोनात वळण. रथाला सुकाणू नसते, ब्रेक नसतो. माणसे दोर ओढतात तेवढेच. फिरत्या चाकाखाली योग्य क्षणी, योग्य कोनात लाकडी पाचर सारायची. एका चाकाखाली सारली तर रथ वळतो, दोन्हींखाली सारली तर थांबतो. ती लांब दांड्याची पाचर म्हणजे मोगरी. ती लावणारा माणूस चाकाला जवळजवळ खेटून, वाकून, उलटा चालत असतो. ज्या घराने रथ घडवला त्या घराकडे मोगरीचा मान, अशी तेथली रीत. सध्याचा रथ भिवाच्या आजोबांनी घडवलेला. त्या चाकाने भिवाच्या वडिलांचा पाय कायमचा अधू केला होता, आणि भिवाच्या डाव्या हाताला करंगळी नव्हती.

"असला मान हवा कशाला?" मी विचारले.

"करंगळी दिलीय साहेब. उगं कसं सोडू?"

आता त्या रथाच्या आसाला चिरा गेल्या होत्या. यात्रा समितीचे अध्यक्ष दौलतराव यांच्या मनात सातपूरच्या एखाद्या वर्कशॉपातून ब्रेकचा लोखंडी रथ करून घ्यावा असे होते. पुराणिक त्यांना सुधारणावादी म्हणतात आणि वर्तमानपत्राने खलनायक केले. दोन्ही अन्याय आहेत. चाकाखाली एक दिवस माणूस जाईल, ही त्यांची भीती खरी होती. परंतु गाव लाकडी रथासाठी अडून बसले, तेव्हा भिवाशी मुद्रांकाच्या कागदावर करार झाला: देवस्थानच्या जमिनीतल्या सादड्याच्या लाकडाचा नवा रथ चैत्राच्या यात्रेआधी द्यावा, न दिल्यास मोगरीचा मान सोडावा, तो पुढे जो रथ घडवील त्याचा. दौलतरावांनी घातलेले हे शेवटचे वाक्य भिवाने ऐकले आणि अंगठ्याऐवजी सही केली. सही करता येते याचा त्याला अभिमान होता.

सादडा म्हणजे डोंगरातला उंच, सुसरीच्या पाठीसारख्या सालीचा वृक्ष. गावाच्या वर असा एक सादडा होता, ज्याच्या बुंध्याला कवेत घ्यायला भावकीच लागावी. वनखात्याकडून तोडीचा परवानाही मिळाला. पण तेथे देवाच्या कामाचे झाड परवाना मिळाला म्हणून तोडत नाहीत. आधी झाडाला सुपारी देतात. दसऱ्याला अध्यक्ष जाऊन बुंध्याशी सुपारी ठेवतो, हळदीचा दोरा गुंडाळतो आणि सांगतो की देवाने तुला बोलावले आहे. मग एक अमावास्या जाऊ द्यायची. झाडावर जो जो राहतो, पाखरू असो, खार असो की आणखी कोणी, त्याने तेवढ्यात बिऱ्हाड हलवावे, यासाठी ही मुदत. अमावास्या उलटली की अध्यक्षाने आपल्या हाताने दोरा सोडायचा आणि सुताराने पहिली कुऱ्हाड घालायची.

दसऱ्याला दौलतरावांनी दोरा बांधला. अमावास्या उलटली. भिवा कुऱ्हाड घेऊन आणि दौलतराव गावकरी घेऊन वर गेले, तर झाडावरचे कोणी गेले नव्हतेच. उलट शेंड्याजवळच्या फांदीवर नवे बिऱ्हाड आले होते. गिधाडांची जोडी काटक्या रचत होती.

गिधाड हा आता इतका दुर्मीळ पक्षी आहे की त्याचे घरटे मोडणे हा गुन्हा आहे. वनरक्षकाने घरटे पाहिले, वर कळवले, आणि परवाना रोखल्याचा हुकूम आला. भिवाने कुऱ्हाड खाली ठेवली. माघ संपत आला तरी रथ नाही, म्हटल्यावर समितीने नाशिकला दावा लावला: भिवाने करार मोडला असे जाहीर करावे आणि यात्रेत त्याला मोगरीला हात लावण्यास मनाई करावी. नुसत्या मानापानाच्या भांडणात दिवाणी न्यायालय सहसा पडत नाही. येथे मात्र मान कराराचे कलम होऊन बसला होता. भिवाने शब्द मोडला, की त्याचा शब्द कायद्यानेच संपला, एवढ्यावर एका घराण्याची मोगरी टांगलेली होती.

न्यायाधीश एक तरुण बाई होत्या. पुराणिकांनी दोन मुद्दे काढले आणि ते चांगले काढले, हे मी मान्य करतो. ते चांगले नसते तर त्यांना हरवण्यात मला गोडी नसती. पहिला असा, की करारात सादडा म्हटले आहे, अमुकच सादडा म्हटलेले नाही. डोंगर सादड्यांनी भरला आहे, दुसरा तोडावा. मग अशक्य ते काय?

न्यायालयाला पक्षकाराला थेट प्रश्न विचारता येतो. बाईंनी दौलतरावांनाच पुढे बोलावले. "सुपारी दिलेल्या झाडाऐवजी दुसऱ्या झाडाचा रथ तुमच्या गावाला चालेल का?"

पुराणिकांनी खोकून इशारा केला. पण दौलतराव पेटले होते. आपल्या देवाच्या रीतीबद्दल आपल्याच वकिलाने असे बोलावे, हे त्यांना सोसले नाही. "बाईसाहेब, तुमच्याकडं मांडवात आल्यावर नवरदेव बदलत्यात का? एकदा सुपारी गेली म्हंजे गेली. दुसरं झाड चालंल म्हणणारा आमच्या गावचा नाय."

"दौलतराव!" पुराणिक कुजबुजले.

"गप ऱ्हावा साहेब. खोटं कसं बोलू? देवाचं काम हाय."

मी उठलोही नाही. पुराणिक सांगतात की त्या दिवशी मी घणाघाती युक्तिवाद केला. मी खाली बसून पेनाला टोपण लावत होतो.

दुसरा मुद्दा अधिक धारदार होता. संकट स्वतःच ओढवून घेतले असेल तर हे कलम मदतीला येत नाही. पुराणिक म्हणाले, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झाड तोडले असते तर घरटे झालेच नसते. सुताराने वेळ घालवला.

"भाडेकऱ्यांना जायची नोटीस दिली," ते म्हणाले, "आणि नोटिशीच्या मुदतीत नवे भाडेकरू आले! यात गिधाडांचा काय दोष?"

न्यायालय हसले. भिवा हसला नाही. तो मागच्या बाकावरून म्हणाला, "मुदत मी दिली नव्हती. दोरा कुणी बांधला ते इचारा."

दोरा अध्यक्षाने बांधायचा, अध्यक्षानेच सोडायचा. त्याआधी सुताराने झाडाला हात लावायचा नाही. वाट पाहण्याचा नियम ज्यांचा, त्यांनीच वाट पाहिल्याबद्दल दुसऱ्याला दोष द्यायचा, हे कायद्यात बसत नाही. एवढे मात्र मी उठून बोललो, आणि मला आठवते त्याप्रमाणे बरे बोललो.

मग बाईंनी फाईल मिटली आणि म्हणाल्या, "मला ते झाड बघायचे आहे."

एका सकाळी आम्ही वर गेलो: बाई, त्यांचा लिपिक, पुराणिक, मी, दौलतराव, भिवा आणि वनरक्षक. ज्या पायवाटेने रथाचे लाकूड खाली यायचे तिने चढताना पुराणिक आणि मी एकमेकांच्या पुढे राहण्याचा प्रयत्न करीत होतो, आणि त्या वयात ते दोघांनाही शोभत नव्हते. झाडापासून बऱ्याच अंतरावर वनरक्षकाने हात वर करून थांबवले.

त्या घरट्याबद्दल मी आठवडेच्या आठवडे बोललो होतो. माझ्या कैफियतीत त्याचे नाव होते 'प्रतिवादीस टाळता न येण्याजोगी घटना'. ते मी पाहिले नव्हते. सादड्याच्या शेंड्याखाली काटक्यांचा एक रुंद ढीग होता, आणि त्याच्याखालची पाने चुना सांडल्यासारखी पांढरी झाली होती. बुंध्याला दौलतरावांचा दोरा अजून होता. त्याची हळद उडाली होती. प्रथम मला काहीच दिसेना. मग तो ढीग हलला आणि त्यात एक मोठा पक्षी उभा असल्याचे ध्यानात आले. त्याने दोन्ही पंख अर्धे उघडून धरले होते. उन्हाची तिरीप घरट्यावर येत होती आणि त्या पंखांच्या सावलीत काहीतरी राखाडी, लवदार, मान न धरवणारे बसलेले होते.

"पिल्लाला सावली धरलीय," वनरक्षक हळूच म्हणाला. "असंच उभं ऱ्हातंय. दुसरं येईस्तोवर."

गिधाड म्हणजे ओंगळपणाचे दुसरे नाव, असे आपण लहानपणापासून शिकतो. मीही आयुष्यभर ते नाव शिवीसारखे वापरले. बहुतेक वेळा विरोधी पक्षकारांसाठी. आणि हे समोर उभे होते, पंख उचलून, न हलता. मी न्यायालयात दीर्घकाळ उभा राहिलो आहे. उभे राहणे म्हणजे काय, हे मला कळते. असे कोणाला उभे राहिलेले मी पाहिले नव्हते.

तेवढ्यात आमच्यावरून सावली गेली. ढगाची असावी असे वाटून मी वर पाहिले. दुसरे गिधाड डोंगराच्या कड्यावरून येत होते. ते पंख हलवत नव्हते. दोन माणसांनी हात पसरून ओळीने उभे राहावे एवढी त्याची रुंदी मला भासली, आणि ते डोक्यावरून गेले तेव्हा वाऱ्याचा एक लांब, घोगरा आवाज झाला. जणू कोणी आभाळाचे जाड कापड फाडत नेत होते. कायद्याच्या पुस्तकात जे लिहिले होते, ते त्याच्या सगळ्या वजनानिशी प्रथमच माझ्यावरून उडत गेले. माणसाच्या हातात सगळे नाही. हे त्या पक्ष्याला सांगण्याची गरज नव्हती. त्याला दसरा, चैत्र, समिती, मुद्रांक यांतले काही ठाऊक नव्हते, आणि तरी आमचे सगळे कागद त्याच्या काटक्यांखाली दबून पडले होते.

बाईंनी वनरक्षकाची दुर्बीण घेतली, पाहिले, आणि ती दौलतरावांकडे दिली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. वर्तमानपत्रवाल्याला कोणीतरी हे सांगितले असणार, आणि त्याने त्याचे हात जोडणे केले. टोपी त्यांनी काढली ती दुर्बीण नीट लावता यावी म्हणून. ते फार वेळ पाहत राहिले.

"आमच्या लहानपणी ढोर मेलं की आभाळ काळं व्हायचं यांनी," ते म्हणाले. "मग एकाएकी एक बी दिसंना. म्हातारी मान्सं म्हणायची, रुसली. आता परत येणार नायत."

"आली की," भिवा म्हणाला.

"आली ती माझ्याच दोऱ्यावर येऊन बसली."

भिवा हसला. दौलतराव हसले नाहीत, पण दुर्बीण त्यांनी त्याच्याकडे दिली. मग टोपी चढवून ते बाईंकडे वळले. "पर करार करार हाय बाईसाहेब. पिल्लू उडालं की झाड तोडता येतं. काम थांबलंय, मेलेलं नाय." मला त्या माणसाचा आदर वाटला. डोळ्यांत पाणी असताना मुद्दा न सोडणारा पक्षकार मला आयुष्यात हवा होता, आणि तो नेमका पुराणिकांना मिळाला.

तो मुद्दा खरोखर कठीण होता. अडचण तात्पुरती असेल तर करार संपतो की नुसता थांबतो? खाली न्यायालयात मी याचे उत्तर दिले. रथ हा यात्रेसाठी होता. करारात यात्रेआधी असे स्पष्ट लिहिले होते आणि ते दौलतरावांनीच लिहवून घेतले होते. वरात संपल्यावर आलेल्या घोड्याला कोणी घोडा म्हणत नाही. वेळ हाच जेथे कराराचा प्राण असतो, तेथे ती वेळ अशक्यतेत गेली की करार गेला. बाईंनी हे मानले. हुकुमात लिहिले की भिवाने करार मोडलेला नाही. तो कायद्याने संपला आहे. आणि मोडलेलाच नसल्यामुळे मान सोडण्याचे कलम लागू होत नाही. मनाईचा अर्ज फेटाळला. हे सारे कायद्याच्या आधारावर झाले, कोणाच्या डोळ्यांतल्या पाण्यावर नव्हे, आणि पुराणिकांनी तो हुकूम एकदा पुन्हा वाचावा अशी माझी त्यांना विनंती आहे.

बाहेर आल्यावर मी भिवाला म्हणालो, "सुटलात तुम्ही."

"मी सुटलो," तो म्हणाला. "झाडाला कोण सांगंल?"

"झाड या दाव्यात पक्षकार नव्हते."

"नव्हतं कसं? सुपारी त्यालाच दिलीय की."

मी पायऱ्या उतरत राहिलो. माणसाने माणसाला दिलेल्या शब्दातून कायदा सोडवतो. जे ऐकूच शकत नाही त्याला दिलेल्या शब्दाचे काय, हा प्रश्न मला कोणत्याही न्यायाधीशाने विचारला नव्हता. तो मला अजून सुटलेला नाही. ते झाड उभे आहे.

चैत्रात यात्रेला मी मुद्दाम गेलो. जुनाच रथ होता. चिरलेल्या आसाला भिवाने लोखंडी पट्ट्या आवळल्या होत्या. हुकुमाची सहीशिक्क्याची प्रत मी खिशात ठेवली होती. दोर ताणून माणसे उभी होती, घरांच्या गच्च्यांवर बाया होत्या, तरुणांनी मोबाइल वर धरले होते. रीत अशी, की अध्यक्षाने मोगरी आपल्या हाताने सुताराला द्यायची. दौलतराव ती उचलून भिवासमोर आले.

"घ्या सुतार," ते म्हणाले. "कोर्टाचा हुकूम हाय म्हणून देतो."

भिवाने हात पुढे केले नाहीत. "मग कोर्टालाच लावाया सांगा."

उन्हात रथ उभा होता आणि त्याच्यासमोर दोन म्हातारे, मध्ये एक लाकडाचा तुकडा. समितीतला एक पोरगेला सभासद माझ्या कानाशी म्हणाला, "वकीलसाहेब, काढा ना ऑर्डर! बघत काय बसलाय?" माझा हात खिशाकडे गेला होता, हे खरे. आयुष्यभर तो तसाच गेला आहे. पण त्या कागदात काय लिहिले होते ते माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? भिवाने करार मोडला नाही, असे त्यात लिहिले होते. त्याला मोगरी द्या, असे लिहिले नव्हते. तसे कोणतेही न्यायालय लिहू शकले नसते. कायदा माणसाला दोषातून मोकळा करतो. मान त्याच्या हातात नसतो. मी हात बाहेर काढला, रिकामा.

या प्रसंगाबद्दल आता गावातही सांगतात की नाशिकच्या वकिलाने कागद दाखवला आणि अध्यक्ष नमले. ते खरे नाही. स्वतःचे यश दुसऱ्याच्या पदरात टाकण्याची माझी ही पहिलीच खेप आहे, तेव्हा निदान त्यासाठी तरी माझ्यावर विश्वास ठेवावा.

दौलतराव रथाकडे पाहत होते. त्या पट्ट्या आवळलेल्या आसाकडे, आणि माणसाच्या डोक्याहून उंच चाकाकडे. ते चाक उतारावर सुटले तर कोणाच्या अंगावर जाईल, याचा ते रात्रंदिवस विचार करीत आले होते. मग त्यांनी मोगरी कपाळाला लावली. खाली वाकून ती भिवाच्या पायांजवळ ठेवली नाही, हातात कोंबली नाही, दोन्ही तळव्यांवर आडवी धरली, आणि हळू, पण दोरावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "भिवाबाबा, देव आन् आमची पोरंबाळं तुमच्या हाती."

भिवाने मोगरी घेतली. दोर ताणले गेले. रथ कुरकुरत सुटला, उताराला लागला, आणि त्याच्या वजनाने पायांखालची जमीन हादरू लागली. वेशीच्या वळणावर भिवा चाकाला खेटून उलटा चालत होता. त्याचे डोके आऱ्यांच्या इतके जवळ होते की मी डोळे मिटायला हवे होते, पण मिटले नाहीत. त्याने पाचर सारली. लाकडावर लाकूड करकरले, सारा रथ एका बाजूला कलला, वरचा कळस आभाळात डोलला, आणि मग ते प्रचंड धूड एका म्हाताऱ्याच्या हाताचे ऐकून सावकाश वळले. दौलतराव भिवापासून हातभर अंतरावर, दोर सोडून, लागलीच तर त्याच्या हाताशी असावी म्हणून दुसरी मोगरी घेऊन उभे होते.